पुठ्ठ्यामागचा प्रसंग

चंद्रपूरच्या आमच्या फिल्म सोसायटीत परदेशी सिनेमा लागला की खालच्या इंग्रजी ओळी मी माइकवर मराठीतून सांगायचे. मी कॉन्व्हेंटची, बावीस वर्षांची, चारचौघांत तोंड न उघडणारी. पण अंधारात बोलणं जमायचं. घरून परवानगी होती ती केवळ सोसायटी चालवणाऱ्या, कॉलेजात मला शिकवलेल्या बाईंच्या शब्दावर.

त्या महिन्याची सीडी बाईंनीच नागपूरहून आणली. तयारीसाठी आम्ही दोघींनी ती त्यांच्या घरी दोनदा पाहिली. सिनेमात मोठ्या ऑपरेशननंतर घरी आलेली पन्नाशीची बायको नवऱ्याकडे पाठ करून कपडे बदलते. तो नुसता थांबतो. मग तीच वळते. पुढे दोघांची उघडी, थकलेली शरीरं, अडखळणं, मधेच हसू. संगीत नाही. आमच्या घरी टीव्हीवर असं काही आलं की कोणीतरी पाणी आणायला उठायचं. इथे मला उठावंसं वाटलं नाही. बाईंनी डोळे पुसले. म्हणाल्या, हे कापायचं नाही, सिनेमा इथंच आहे.

रविवारी दुपारी हॉल भरला होता. पडद्यावर ती बायको वळली आणि पहिल्या रांगेतले एक रिटायर्ड गृहस्थ उभे राहिले.

"बाई, हे काय दाखवून राह्यले? घरच्या बाया बसल्या हायेत इथी."

बाईंनी हजेरीच्या वहीचा पुठ्ठा प्रोजेक्टरपुढे धरला.

"माफ करा भाऊ, मी आधी पाह्यला नव्हता. या पोरीनं निवडला. कॉन्व्हेंटची आहे, तिले काही वाटत नाई."

"मंग याचंही मराठी करून सांग म्हणा तिले," मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले.

माइक माझ्या हातात चालूच होता. स्पीकरमधून माझा श्वास ऐकू येत होता. पुठ्ठा बाजूला झाला तेव्हा पडद्यावर सकाळ झाली होती आणि नवरा बायकोला विचारत होता. मी ओळ वाचली : "चहा घेशील?" लोक पुन्हा हसले.

वायरी गुंडाळताना बाई हळूच म्हणाल्या, मनावर घेऊ नको, मला या गावात नोकरी करायची आहे.

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. बाबा रागावले नाहीत. बाईंनी खरंच पाहिला नव्हता का, एवढंच त्यांनी विचारलं.

"पाहिला होता. दोनदा. माझ्यासोबत."



"बाई कशाला खोटं बोलतील?" बाबा म्हणाले.