यादीतून राहिलेलं मीठ

कलमकाकांना खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. किराणा दुकानदारांच्या संघटनेचे ते तीस वर्षं सचिव होते आणि बोलता बोलता 'कलम अमुक, पोटकलम तमुक' तोंडात आलंच म्हणून समजा. गिऱ्हाईक म्हणालं, "काका, साखर ओलसर वाटते हो," तर हा गृहस्थ आधी कायदा सांगणार आणि मग साखर बदलून देणार!

दुकान आता पुतण्याकडे आहे. काका दुपारी खिडकीत बसतात आणि त्यांना हटकून आठवतो तो विधानभवनातल्या समितीच्या खोलीबाहेरचा लाकडी बाक. बाकाचा एक पाय आखूड होता. काकांनी आपल्याच जुन्या निवेदनाची घडी करून त्याखाली सारली होती. "एवढी निवेदनं दिली, पण खरं कामाला आलं ते हेच," असं म्हणून ते तिथल्या शिपायाला हसवायचे. बड्या कंपन्यांची माणसं गाडीतून यायची, गुळगुळीत फायली घेऊन. काका बसनं यायचे. कापडी पिशवीत निवेदनाच्या प्रती, काकूंनी दिलेला डबा, थोडी रद्दी आणि दोऱ्याचं रीळ. काय दिवस होते ते!

एका वर्षी विधेयक आलं होतं की खायची कुठलीही वस्तू सुटी विकायची नाही, सगळं पाकीटबंद. छोट्या दुकानदारांच्या तोंडचं पाणीच पळालं. काका समितीसमोर उभे राहिले आणि बोलता बोलता, खाली न बघता, मूठभर तांदळाची पुडी बांधून अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली.

"साहेब, एक म्हातारी रोज एवढेच तांदूळ नेते. तिच्या गळ्यात किलोचं पाकीट मारू, की तिला उपाशी पाठवू? तुम्ही सांगाल तसं करतो."

अध्यक्षांनी पुडी उलटीपालटी करून पाहिली. एक दाणा सांडला नाही. "उद्या सकाळी अकरापर्यंत वस्तूंची यादी आणा," ते म्हणाले. "यादीत असेल ते सुटं विका. नसेल ते नाही."

काकांचं अक्षर म्हणजे कोंबडीनं पाय उमटवावेत तसं. काकूंचं मात्र मोत्यासारखं. म्हणून संध्याकाळी काका खुर्चीत डोळे मिटून बसले आणि काकू लिहायला. काका मनातल्या मनात गल्ल्यामागे जाऊन उभे राहिले. वरची फळी डावीकडून, मग मधली, मग डबे, मग पोती. तांदूळ, गहू, डाळी, साखर, चहा. एकेक कप्पा डोळ्यांपुढे येत होता. "आणि कोपऱ्यातली वेलची. झालं!"

"अहो, आणि..." काकू म्हणाल्या.

"मध्ये बोलू नकोस गं! दुकानात जन्म माझा गेलाय की तुझा?"

काकूंनी पेनाला टोपण लावलं.

सकाळी संघटनेच्या कार्यकारिणीतल्या अकराही जणांनी यादी वाचली, माना डोलावल्या. कायदा झाला, काकांच्या गळ्यात हार पडला. आणि तिसऱ्या दिवशी तपासनीस आला. आतल्या फळ्यांकडे त्यानं पाहिलंही नाही. दाराबाहेर पायरीवर बोट दाखवून म्हणाला, "हे यादीत कुठंय?"

मिठाचं पोतं! मीठ आत ठेवलं तर पाणी सुटून बाकीचा माल खराब होतो. शिवाय मीठ चोरतंय कोण? म्हणून प्रत्येक दुकानात ते पायरीवर. गल्ल्यामागे उभं राहून डोळे मिटले की जगातलं सगळं दिसतं, पायरीवरचं मीठ तेवढं दिसत नाही. अकरा दुकानदार अकरा गल्ल्यांमागे उभे होते. सगळे अक्कलवान, आणि एकालाही दिसलं नाही.

बाजारात लोक म्हणू लागले, "अळणी कायदा!" काकांना ते सोसलं असतं. पण सभेत संघटनेचे अध्यक्ष सहज म्हणून गेले, "उतरवून घेताना वहिनींकडून राहिलं असेल. होतं असं." आणि काका गप्प बसले. नुसते गप्प बसले. कायद्याची पोटकलमं तोंडपाठ असणाऱ्या माणसाला 'नाही, चूक माझी' एवढे तीन शब्द सापडले नाहीत. लाज वाटायला हवी होती, आणि वाटतही होती, रोज. काकूंच्या कानावर सगळं आलं होतं. त्या चकार शब्द बोलल्या नाहीत.

एक शब्द घालून घ्यायला काकांना नऊ वर्षं लागली. दर अधिवेशनाला तोच बाक, तीच पिशवी. आणि पहाटे उठून भरलेला तोच डबा.

अखेर एका सकाळी प्रेक्षक सज्जात बसून त्यांनी ऐकलं, "यादीत 'वेलची' या शब्दानंतर 'मीठ' हा शब्द घालण्यात यावा." अर्ध्या मिनिटात मंजूर! काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

त्याच संध्याकाळी संघटनेनं सत्कार ठेवला. काकू पहिल्या रांगेत होत्या. काकांनी शाल बाजूला ठेवली आणि म्हणाले, "यादीत चूक माझी होती. ही काहीतरी सांगत होती, मीच तिच्यावर खेकसलो. आणि नऊ वर्षं तिच्या नावावर खपवलं."

घरी आल्यावर काकू पलंगावर टेकल्या. "बोललात ते बरं केलंत. आता माझंही ऐका. 'आणि मीठ' असंच म्हणणार होते मी. तुम्ही खेकसलात, मला आला राग. म्हटलं, जाऊ दे यादी तशीच, होऊ दे चांगली फजिती. पेन हातात होतं हो. एक शब्द तर लिहायचा होता."

काका समोरच्या खुर्चीत बसले. "आणि नऊ वर्षं बोलली नाहीस?"

"दर वेळी डबा भरताना वाटायचं, आज सांगावं. मग वाटायचं, परत आले की सांगू."

"आणि मला वाटायचं, तू मला पाठीशी घालतेस."

"घालतच होते की," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "तुम्हाला, आणि मलाही."

काका उठले, पिशवीतून रिकामा डबा काढला आणि मोरीत जाऊन स्वतः घासला. आजही घरातले डबे तेच घासतात.