टाकीचं पोट

आमचं शेत धरणाच्या पाण्यापलीकडे आहे. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा, म्हणून मी एका मासेमाराकडून जुनी नाव घेतली, मागे लावायच्या पेट्रोलच्या मोटारीसकट. मोटार चालू व्हायला फार आढेवेढे घ्यायची. पण यवतमाळला ऑफिसात फायली हलवणाऱ्या माणसाला रविवारी दोरी ओढून इंजिन चालवायला मिळालं, की त्याची छाती फुगते. माझीही फुगली होती.

त्या रविवारी कापूस वेचायला पाच बाया पलीकडे सोडल्या. त्यांतली एक ओली बाळंतीण. तान्हं लेकरू पाण्यावर नको म्हणून तिने ते अलीकडच्या काठावर सासूजवळ ठेवलं होतं. "बाराले आणा मले, भाऊ. थे वाटीनं दूध घेत नाई," ती म्हणाली होती. मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं.

बाराला निघालो. मोटार चालू झाली, दोन मिनिटं चालली आणि बंद पडली. काठ जवळच होता, बांबू टेकवत परत आलो. वल्ही पलीकडे शेतातल्या झोपडीत. मोटार असताना ती कशाला बाळगायची, हे शहाणपणही माझंच.

मग सगळे उपाय सुरू झाले. प्लग काढला, पुसला, ठिणगी पाहिली. ठिणगी चांगली होती. चोक ओढला, सोडला. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला. पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा दाबला की चेपलेलाच राहायचा. तो म्हातारा झाला असेल म्हणून मी त्यालाही शिव्या दिल्या.

एक वाजला. लेकराने किंकाळ्या फोडायला सुरुवात केली. सासू त्याला खांद्यावर घेऊन काठाने येरझारा घालत होती. पलीकडे त्याची आई पाण्यात गुडघाभर उतरून उभी होती. एवढ्या लांबून तिला रडणं ऐकू येत नसावं, पण ती हलत नव्हती. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

सासू जवळ आली. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. ती लाल प्लास्टिकच्या टाकीकडे पाहत राहिली.

"भाऊ, ह्या टाकीचं पोट काहून खपाटीले गेलं?"

खरंच, टाकीच्या दोन्ही बाजू आत ओढल्या गेल्या होत्या. मी म्हटलं, "जुनी आहे, आजी."

"सकाऊन तं बरी होती. तेलाच्या डब्याले दोन भोकं पाडा लागते, नाई तं तेल पडत नाई. हिले दुसरं भोक हाये का?"

होतं. झाकणावर हवेसाठी बारीक भोक होतं आणि त्याचा स्क्रू कधीचाच हरवलेला. सकाळी बायांना सोडून आल्यावर मला पेट्रोलचा वास आला होता. आमच्याकडे स्कूटरची टाकी गळली की तिला साबण लावतात. मी आधीच्या वेचणीचा, काठावर पिशवीत पडलेला कापूस घेतला, भोकात ठासला आणि वरून कपड्याचा साबण थापला. पेट्रोल वाचवलं म्हणून खूशही झालो होतो.

झाकण सैल केलं. फुस्स करून हवा आत गेली आणि टाकीचं पोट टुपकन बाहेर आलं. काडीने बोळा काढला, फुगा दाबला, तो कडक झाला. तिसऱ्या ओढीला मोटार चालू झाली. मी लगेच नाव पलीकडे वळवली.

आईला आणलं. नाव काठाला लागायच्या आधीच तिने उडी मारली. लेकरू पदराखाली गेलं आणि किंकाळी मध्येच तुटली. सासू एवढंच म्हणाली, "झालं, लागलं प्याले."

त्यानंतर कापूस संपेपर्यंत लेकराची आई दर रविवारी आली. सासूने तिला भोकाचं सांगितलं असावं. नावेत पाय टाकला की आधी वाकून टाकीच्या झाकणावरून बोट फिरवायची, भोक मोकळं असल्याची खात्री करायची आणि मगच बसायची. तोवर मी दोरीला हात लावत नसे.