नांदेडचा सेमिनार आणि अण्णांचा नारळ

ऑफिसात नवे आलेले लोक विचारतात, "साहेब, पदरचे पैसे घालून सेमिनारला जावं का? काही फायदा असतो का?" मी म्हणतो, जा, शिकलेलं वाया जात नाही. पुढचं मात्र सांगत नाही. इथं सांगतो.

लातूर जिल्हा नवा झाला होता, दुष्काळ पडला होता आणि मी भूजलाच्या कामावर होतो. तेव्हा नांदेडला तीन दिवसांचा सेमिनार निघाला. जमिनीत वीज सोडून, यंत्रानं पाणी कसं शोधायचं, असा विषय. मोठे साहेब म्हणाले, "जा की, पण स्वखर्चानं!" फी, लॉज, जेवण... एवढे पैसे आणायचे कुठून?

चाकूरजवळच्या आमच्या गावात अण्णा, म्हणजे माझे वडील, पाणाडे होते. तळहातावर नारळ आडवा ठेवून अनवाणी रान तुडवायचे. नारळ उभा राहील तिथं विहीर. आसपासच्या कितीतरी विहिरी त्यांनीच दाखवलेल्या. पैशाला कधी शिवले नाहीत. माझी अडचण त्यांना आईकडून कळली आणि त्यांनी दावणीची कालवड विकली. मला म्हणाले, "तसं बी कडबा न्हाई. जा तू. आपलंच काम हाय ते, नव्या तऱ्हेचं."

सेमिनार लई चांगला झाला, खोटं कशाला बोलू? मुदखेडच्या बाजूला एका रानात आम्हाला लोखंडी सळया ठोकायला लावल्या, आकडे वाचायला शिकवलं. शेवटच्या दिवशी एका वक्त्यानं सांगितलं, पाणाड्याची परीक्षा सोपी आहे. डोळे बांधा, गरगर फिरवा, पुन्हा त्याच जागी आणा. नारळ उभा राहतो का बघा! सगळा हॉल हसला. मीही हसलो. माझा बाप पाणाड्या आहे हे मी तिथं कुणालाच सांगितलं नव्हतं.

महिन्याभरानं आमच्याच गावाला सरकारी बोअर मंजूर झाला. एकच. विहिरी कोरड्या, बाया कोसभर लांबून पाणी आणून राहिलेल्या. अण्णांची जागा एक, माझ्या यंत्राची दुसरी. गाव म्हणालं, बापलेकानं काय ते ठरवा. अण्णा लगेच म्हणाले, "पोरगं शिकून आलंय. त्याचं ऐका."

तिथंच संपलं होतं हो! पण माझ्या अंगात सेमिनार भिनलेला. मी म्हणालो, "अण्णा, एकदा डोळे बांधून बघू." त्यांना वाटलं, हीसुद्धा नवी तऱ्हाच असेल. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडून स्वतःच माझ्या हातात दिला. मी बांधला. चारदा फिरवून त्यांना त्यांच्याच जागेवरून नेलं. नारळ चारदा उभा राहिला, पण दर वेळी निराळ्या ठिकाणी. त्यांच्या जागेवर एकदाही नाही. मी वहीत नोंदी करून राहिलो. लोक आधी कुजबुजले, मग हसायला लागले. अण्णा डोळे बांधलेलेच, उन्हात उभे. "जमलं का रं?" त्यांनी विचारलं. मी वहीत चौथी नोंद पुरी केली. शेवटी शेजारच्या एका म्हाताऱ्यानं पुढं होऊन गाठ सोडली.

बोअर माझ्या जागेवर झाला. पाणी लागलं, चांगलं लागलं. बाया कळशा घेऊन धावल्या, मला हार घातला. अण्णाही आले. ओंजळभर प्याले, "गोड हाय," म्हणाले. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मग त्या इतक्या विहिरी रं? त्यांना पाणी लागलं, ते मी दावलं म्हणून न्हवं व्हय?"

माझ्याकडं उत्तर तयार होतं. सेमिनारमध्येच मिळालेलं, अगदी खरं. मी म्हणालो, "अण्णा, बऱ्या सालात आपल्याकडं कुठंही खणलं तरी थोडंफार पाणी लागतंच."

त्यांनी मान हलवली. पुन्हा कधी नारळ हातात धरला नाही. कुणी बोलवायला आलं तर म्हणायचे, "पोराला इचारा." मला एका शब्दानं बोलले नाहीत, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवशी मला एक खोटं बोलायचं होतं फक्त, आणि तेवढं मला जमलं नाही.