काळ्या पडद्याची पूजा चालत नाही म्हणे

लिनक्स ग्रुपवरच्या मंडळींनो, डोकं फिरलंय म्हणून लिहून राह्यलो.

तुमच्याच मदतीनं मी जुन्या, स्वस्त लॅपटॉपवर लिनक्स बसवलं होतं. चित्रं नाहीत, नुसता काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. पण इथं बेला गावात लाइट गेली तरी बॅटरीवर आमच्या कापसाच्या वजनाचं काम चालायचं. तो प्रोग्राम मीच लिहिला होता.

आज खंडेनवमी. पूजेसाठी पाटावर विळे, वजनकाटा आणि शेजारी लॅपटॉप. मी फुलं आणायला आदिलाबादला गेलो. परत येईतोवर बहिणीच्या नवऱ्यानं सगळं पुसून त्यावर रंगीत, जड सिस्टिम घातली होती! हे जावई कॉम्प्युटर क्लास चालवतात.

"भाऊजी, काऊन पुसलं?"

"अरे, बिघडला होता तो. सणाला काळा पडदा बरा दिसते का? आता पाय, कसं आभाळ दिसून राह्यलं."

पडद्यावर ढगांचं आभाळ दिसलं आणि मशीन तिथंच अडकलं. कोणतंही बटण दाबा, ढग हलत नाही.

आता "बॅकअप नव्हता का?" असं विचारायला कोणी येऊ नका. होता. पण पूजेत ठेवलेल्या बॅकअपच्या फ्लॉप्यांचं झाकण सरकवून आईनं आतल्या चकतीलाच हळदकुंकू लावलं.

उद्यापासून कापूस येणार. जावई माणूस, बोलायची सोय नाही. घरी त्यांना पुरणपोळी वाढली आणि आता त्यांच्याच क्लासमध्ये बसून हे लिहून राह्यलो.

लॅपटॉपला झेंडूचा हार घातलाय. हार घातलेला आणि न हलणारा, त्याला तुमच्याकडं काय म्हणतात?