लागला का गं?

त्या सकाळचं आमचं शेवटचं बोलणं अगदी रोजचंच होतं. हे गाडीत बसलेले, मी गाडीच्या मागं पिठाचे हात वर धरून उभी. "लागला का गं?" यांनी विचारलं. "लागला, लागला. जावा आता," मी म्हणाले. ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा लागतो का, एवढाच तो प्रश्न. मग हे चकलांब्याला शेळ्या बघायला गेले आणि दुपारी तिकडून फोन आला. चहा घेता घेता छातीत कळ आली म्हणे... शेळ्या पसंत पडल्या होत्या की नाही, तेही कळलं नाही. गाडी धाकट्या दिरांनी, उत्तमरावांनी, घरी आणून लावली.

माझे यजमान दिगंबरराव उमापूरचे, कापूस पिकवणारे. मेकॅनिक नव्हते. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरनं जेवढी वीज शिकवली तेवढ्यावर ते आमची जुनी गाडी दारातच बघायचे. हत्यार म्हणजे दोन वायरी जोडलेला एक जुना बल्ब. एक वायर गाडीच्या पत्र्याला लावायची आणि दुसरीनं बॅटरीपासून एकेक जागा चाचपत जायचं. बल्ब पेटेल तिथवर करंट आहे, पेटला नाही की दुखणं तिथंच कुठंतरी. एकदा हॉर्न मुका झाला. उत्तमराव नवा हॉर्न आणायला निघालेच होते. हे म्हणाले, "आधी बघ तरी. चोर सोडून संन्याशाला फाशी कावून देतो?" अर्थिंगच्या वायरीचा बोल्ट गंजला होता. पॉलिश पेपरनं घासला आणि हॉर्न असा वाजला, की दारातल्या शेळ्या दावं तोडायला निघाल्या.

पण यांचा खरा जीव मागच्या दिव्यांवर. माझं माहेर तेलगाव. उसाच्या दिवसांत तिकडच्या रस्त्यावर मागं दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात. एकदा तिन्हीसांजेला आम्ही अशाच एका ट्रॉलीत घुसता घुसता वाचलो. तेव्हापासून गाडी काढायची म्हटलं की मला मागं उभं केलंच म्हणून समजा. तव्यावर भाकरी असो नाहीतर दारात पाहुणे. मी लई चिडायची. "दुसऱ्या कुणाला बोलवा की," म्हटलं की यांचं ठरलेलं, "दुसऱ्याचं काय खरं हाय? तू सांगितलं की पक्कं." या उभं राहण्यात मी तो बल्ब धरायला शिकले आणि पुढं गाडीही चालवायला लागले.

दिवस झाले, पाहुणे पांगले. माझी आई तेलगावला अंथरुणाला खिळलेली, म्हणून मी गाडी बाहेर काढली. उत्तमराव मोटारसायकलवर मागून येत होते. वेशीजवळ त्यांनी मला थांबवलं. "वयनी, ब्रेकचा दिवा लागंना. मी म्हणतो गाडी इकून टाका. आता बिगडली तर बघणार कोण हाय?" बोलण्यात माया होती, हे मला कळत होतं. पण गाडी गेली की आईला भेटायला दर वेळी कुणाच्या तरी तोंडाकडे बघावं लागणार, हेही कळत होतं. "मी बघणार हाय," म्हणाले आणि गाडी परत दारात आणली.

दोन्ही बल्ब एकदम जात नसतात. फ्यूज शाबूत होता. मग स्टिअरिंगखाली डोकं घालून ब्रेकच्या पेडलवरचं, मागचा दिवा लावणारं बटण गाठलं. एका वायरीवर आमचा बल्ब पेटला. दुसरीवर, ब्रेक दाबूनही, ढिम्म. बटणाच्या दोन्ही वायरी तारेचा तुकडा लावून थेट जोडल्या आणि मागं जाऊन पाहिलं, तर दोन्ही दिवे लालभडक. बटणच गेलं होतं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी गेवराईहून नवं बटण आणताना माझी मान ताठ होती.

ते बसवायला पक्कड हवी म्हणून सीटखाली हात घातला, तर एक बाभळीची काठी हाताला लागली. दोन्ही टोकांना ट्यूबचं रबर गुंडाळलेलं, आणि एका टोकावर ब्रेकच्या पेडलच्या रेघा उमटलेल्या. सीट आणि पेडलच्या मध्ये घालून पाहिली. नेमकी बसली. ब्रेक दाबलेला राहतो आणि माणूस मोकळा होतो, मागं जाऊन दिवा बघायला.

म्हणजे मी माहेरी असले की हे असं करत होते. यांना माझी गरजच नव्हती. आणि मी घरी असले की मात्र भाकरी करपली तरी मलाच हाक... "लबाड कुठले," मी मोठ्यानं म्हणाले आणि तिथंच गाडीच्या दारात बसून पोटभर रडले.

बटण बसवलं. काठी हातातच होती. ती सीटखाली ठेवून दिली आणि उत्तमरावांना हाक मारली. "भाऊजी, जरा मागं उभं राहा." ब्रेक दाबला. "लागला का?"

आरशात पाहिलं, तर ते उपरण्यानं डोळे पुसत होते.

"लागला, वयनी," ते म्हणाले. "तेलगावला जाऊन या."

गाडी विकायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. काठी सीटखालीच आहे. निघताना मी अजून कुणालातरी हाक मारते.