बरणीतली माशाची पिल्लं

करमाळ्याकडच्या आमच्या खेड्यातल्या शाळेत मास्तरांनी एकदा डबक्यातले काळे, शेपटीवाले जीव बरणीत आणून ठेवले आणि फळ्यावर लिहिलं, 'माशाची पिल्लं'. माझ्या शेजारी बसणारी धनगराची मुलगी म्हणाली, "मास्तर, मासं न्हाईत ती. बेडकाची पिल्लं हायती की." मास्तरांना तोंड वर करून बोलली म्हणून तिला छड्या बसल्या. पंधरवड्यात त्या माशांना पाय फुटले. तपासणीला साहेब येणार म्हणून मास्तरांनी बरणी गुपचूप खिडकीबाहेर ओतली. फळा मात्र तसाच ठेवला. साहेबांनी 'निसर्गपाठात काय बघितलंत?' असं विचारल्यावर आम्ही, मीसुद्धा, 'माशाची पिल्लं' असं ओरडलो. साहेबांनी शेरा लिहिला, 'निसर्गपाठ उत्तम'. ती मुलगी पुढं शाळेत आलीच नाही. तिला शिकवण्याइतकं तिथं कोणाला येत होतं?