भरल्याची हाक

माझी नणंद रश्मी लहानपणापासून 'झालं' म्हणण्यात पटाईत. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती शाळेत होती. "वरणात मीठ टाकलं का?" विचारलं की आधी "टाकलं, वहिनी" म्हणायची आणि मग उठून टाकायला जायची. खोटं बोलायचं तिच्या मनात नसायचं. करणारच आहोत, मग आताच 'झालं' म्हटलं तर काय बिघडलं, असा तिचा हिशोब. किती वेळा आम्ही अळणी वरण खाल्लं, ते मला विचारा.

आता ती वेबसाइट बनवते. तुमसरला शिकली आणि नागपूरच्या एका कंपनीचं काम घरूनच करते. आंबागडच्या डोंगराखालचं आमचं गाव. रेंज मिळते ती फक्त माळ्यावर, म्हणून बाईसाहेबांचं ऑफिस धानाच्या पोत्यांशेजारी. खाली उतरली की केसात भूस असतो.

माझे सासरे तेजराम, मी त्यांना मामाजी म्हणते, गावच्या तलावाचं पाणी वाटतात. त्यांची पद्धत ठरलेली. तुडूम, म्हणजे तलावाचं दगडी तोंड, उघडायचं आणि "सोडलं गाऽऽ" अशी हाक मारायची. ज्याची पाळी असेल तो आपल्या बांधीतून "पोचलं होऽऽ" म्हणतो. धान उभं असलेली ती बांधी भरली की "भरलं होऽऽ". ही हाक आल्याशिवाय मामाजी जागचे हलत नाहीत. जेवणाचा डबा घेऊन मी किती तरी वेळ पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, ताटकळले आहे.

घोळ व्हायचा तो पाळ्यांचा. कोणी बाजारात पाळी सांगायचं, कोणी मौतीच्या घरी, आणि मामाजी विसरायचे. मग रश्मीने त्यांच्या फोनसाठी एक पान बनवलं. तलावावर रेंज नाही, म्हणून सगळं फोनच्या ब्राउझरमध्येच राहील अशी सोय केली.

"जेचं नाव, तेच्या नावाचा डबा," तिने मला समजावलं. "नाव सांगतलं का डबा उघडते, अंदर तेची पाळी. ठेव म्हटलं का पान थांबून नाही राहत, वहिनी. आपल्या दुसऱ्या कामाले लागते. ब्राउझर मंग सांगते, ठेवलं म्हणून."

"अन् नाही ठेवलं तं?"

"तेही सांगते नं."

तर असं. पण बटण दाबल्या दाबल्या हिच्या पानावर 'नोंद झाली' उमटायचं. ब्राउझरचं उत्तर यायच्या आधीच! आता ते पान उत्तर आल्याशिवाय तोंड उघडत नाही, पण तेव्हा उघडायचं. आणि जन्मभर हाकेची वाट पाहिलेले मामाजी, मुलीने बनवलंय म्हणून, 'नोंद झाली' दिसलं की फोन प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून मोकळे व्हायचे.

धान गर्भावर होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात; शेवटच्या पाण्याचे दिवस. एका सकाळी कुंताबाई खांद्यावर फावडं घेऊन अंगणात आली. तिची बांधी अगदी पाटाच्या शेवटाला.

"तेजरामभाऊ, माहं पानी कधी येऊन राहिलं गा? वाट पाहून पाहून डोळे दुखले."

मामाजींनी फोन काढला. कुंताबाईचं नाव त्यांनी घातलं होतं, पण पानावर ते नव्हतंच. तुडूम तर आदल्या संध्याकाळीच बंद केलेलं. तलावात उरलेलं पाणी गुराढोरांसाठी आणि मासळीसाठी राखायचं, हे गावाने ठरवलेलं. त्यातून एकच पाळी सुटायची बाकी होती, ती आमची. पाणी वाटणाऱ्याची बांधी सगळ्यांच्या शेवटी भिजते, ही इथली रीत. त्याने आधी स्वतःचं पाहिलं असं कोणी म्हणू नये म्हणून.

रश्मीने फोन हातात घेतला, बरंच काही उघडून पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "फोन भरला आहे, बाबा. लोकायच्या सुप्रभातच्या फोटोयनंच भरला. ब्राउझरनं सांगतलं होतं, जागा नाही म्हणून. मीच आयकाची सोय नाही केली." मग म्हणाली, "आपलं पानी मावशीले द्या."

माझं डोकंच फिरलं. वर्षभराचा घरचा तांदूळ त्या बांधीतून येतो. "काहून? आपुन वर्षभर काय तुह्यी वेबसाइट शिजवून खावाव?" मी सगळ्यांसमोर बोलले.

"नोको वं पोरी, तुमचं तुमाले," कुंताबाई म्हणाली. मामाजींनी दुपट्टा खांद्यावर टाकला आणि तलावाकडे निघाले. रश्मी मागे, कुंताबाई आपल्या बांधीकडे. आणि रागाने फणफणत मीही गेले.

तुडूम रश्मीनेच उघडलं. "सोडलं गाऽऽ" हाकही तिनेच दिली. मामाजी पारीवर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटू लागले. काही वेळाने "पोचलं होऽऽ" ऐकू आलं. आणि लगेच, "भरलं होऽऽ."

रश्मी बंद करायला वाकली.

"थांब," मामाजी म्हणाले. "माहा खर्रा घोटून नाही झाला अन् तिची बांधी भरली? जाऊन पाहा दोघी."

आम्ही पाटाच्या कडेने गेलो. कुंताबाईच्या बांधीत पाणी एका कोपऱ्यापुरतं चमकत होतं. पलीकडच्या भेगा तशाच कोरड्या. आणि ती फावड्याने आपल्या बांधीचं तोंड मातीने बुजवत होती, पाणी शेजारच्या आमच्या बांधीकडे वळवत होती.

"मावशी, भरलं नाही अजून," रश्मी म्हणाली.

"भरलं म्हनलं नं मी! माह्यासाठी भरलं. तुमच्याई घरी भातच शिजते." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. वाकून माती ओढत राहिली.

रश्मी तिथेच पाटात बसली आणि रडायला लागली. मला माझीच लाज वाटली. अंगणात मी काय काय बोलले होते, ते या बाईने ऐकलं होतं. मी साडी खोचली, तिच्या हातातलं फावडं ओढून घेतलं आणि बुजवलेली माती उपसून टाकली. पाणी परत तिच्या धानात शिरलं.

"राहू दे वं रत्नमाला," ती म्हणत होती.

मी तलावाकडे तोंड केलं. या घरात आल्यापासून मी कधी पाण्याची हाक दिली नव्हती.

"मामाजीऽऽ! नाही भरलं होऽऽ! चालू राहू द्याऽऽ!"

आम्ही तिघीही कान देऊन उभ्या राहिलो. मग पारीवरून मामाजींचा होकार आला.

"हाऽऽव!"